आधी कापड, मग शाई, प्रिंटर शेवटी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या स्वयंरोजगार पुरवणीत घरगुती टी-शर्ट छपाईवर आलेला मजकूर वाचला. विषय वेळेवर निवडला आहे. गणेशोत्सव दोन-तीन महिन्यांवर आला की इंदुरात या धंद्याची विचारपूस सुरू होते. मंडळांचे टी-शर्ट, ढोल-ताशा पथकांचे, अनंत चतुर्दशीला झांक्यांबरोबर, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीबरोबर, रात्रभर चालणाऱ्या कार्यकर्त्यांचे, पुढे रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीचे. शाळांचे आणि मॅरेथॉनचे वेगळेच. तक्रार एवढीच, की मजकुरात प्रिंटर आणि हीट प्रेस (गरम तव्याने छाप कापडावर दाबणारे यंत्र) यांपलीकडे फारसे काही नव्हते. शाई चांगल्या प्रतीची घ्यावी असे एक वाक्य होते, आणि या धंद्यात पैसे बुडतात ते नेमके त्याच वाक्यात. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच तर प्रिंटरच्या नावांना लावा, तापमानांना नको.

प्रिंटर घ्यायला गेले की पहिला प्रश्न येतो बजेटचा. खरे तर पहिला प्रश्न कापडाचा हवा. कापड कॉटन की पॉलिएस्टर, पांढरे की गडद, या दोन उत्तरांवर शाई ठरते आणि शाईवर प्रिंटर. उलट क्रमाने गेलेल्या माणसाच्या घरी कोपऱ्यात झाकून ठेवलेला प्रिंटर हमखास सापडतो.

माल तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून घ्या, परदेशीपुऱ्यातल्या रेडिमेड कॉम्प्लेक्समधून घ्या की थेट तिरुपूरहून मागवा, लेबलवर विसंबू नका. आतल्या शिवणीपाशी सुटलेल्या कापडाच्या कडेतला एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कॉटन भुरुभुरु जळते, जळक्या कागदाचा वास येतो, राख बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते आणि निवल्यावर टणक काळी गोळी उरते. राखही झाली आणि गोळीही, तर माल मिक्स आहे. मात्र शिवणीचा दोरा जाळू नका, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो. धागा कापडाच्या विणीतला हवा.

आता सब्लिमेशन, कारण नवशिके सगळ्यात आधी याच्याकडेच वळतात. या शाईत डिस्पर्स डाय, म्हणजे पॉलिएस्टर रंगवणारा रंग असतो. कागदावर छापून १९५ ते २०० अंश सेल्सिअसला ४५ ते ६० सेकंद दाबले, की डायचा वायू होतो. त्याच तापमानाला पॉलिएस्टरचे तंतू सैल झालेले असतात, वायू त्यांच्या आत शिरतो आणि कापड निवले की आतच अडकतो. म्हणून हाताला थर लागत नाही, चिरा पडत नाहीत, धुण्याने रंग जात नाही. कॉटनच्या तंतूंत हा डाय बसत नाही. प्रेसमधून काढल्यावर छाप बरा दिसतो, पहिल्या-दुसऱ्या धुण्यात निघून जातो. ६५-३५ पॉली-कॉटनवर पॉलिएस्टरचा वाटा तेवढा रंगतो, कॉटनचा फिका पडतो. ती विटकी छटा काहींना आवडते, पण गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवे. आणखी एक गोष्ट विक्रीच्या वेळी गुलदस्त्यात राहते. या शाईत पांढरा रंग नसतो. पांढरे म्हणजे खालचे कापड. काळ्या टी-शर्टवर भगवी अक्षरे सब्लिमेशनने उमटणार नाहीत, मग प्रिंटर कितीही महाग असो. आणि मंडळांची, पथकांची मागणी बहुतेक काळ्या, मरून आणि गर्द निळ्याचीच असते.

तेव्हा सब्लिमेशन कशासाठी? पांढरा किंवा फिक्या रंगाचा ड्राय-फिट, डॉट-निट, सरीना या जातीचा पॉलिएस्टर माल, म्हणजे मॅरेथॉन, क्रिकेटची जर्सी, शाळेच्या खेळाचे टी-शर्ट. त्याशिवाय चहाचे मग आणि माउसपॅड. या कामात त्याच्याइतके स्वस्त आणि टिकाऊ दुसरे काही नाही.

प्रिंटरचे हेड, म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग, पिएझो जातीचे हवे. कॅनन आणि एचपीच्या इंकजेटमध्ये हेड थर्मल असते: शाई क्षणभर उकळवून, बुडबुड्याच्या जोरावर थेंब फेकला जातो. बाजारातली सब्लिमेशन शाई पिएझोसाठी बनते, तिला हा उकळा मानवत नाही आणि हेड चोंदते. एप्सनमध्ये विजेच्या झटक्याने पिएझोचा पडदा हलतो आणि थेंब ढकलला जातो, शाई तापत नाही. म्हणून या धंद्यात सगळीकडे एप्सनच दिसतो. ब्रदरचे इंकजेटही पिएझोच, पण त्यांना चालणारी शाई, नळ्या, सुटे भाग आणि दुरुस्त करणारा माणूस मिळणे अवघड. दुरुस्ती गावात होते का, हा निकष कॅटलॉगमधल्या वेगापेक्षा मोठा समजावा.

चार रंगांचा की सहा रंगांचा? एप्सनच्या एल ८०५, एल १८०० आणि त्यांच्यामागून आलेल्या एल ८०५०, एल १८०५० यांत फिका निळा आणि फिका गुलाबी असे दोन रंग जास्त असतात. चेहरे, आकाश, त्वचेच्या छटा यांना ते उपयोगी. मगवर फोटो छापणाऱ्याने घ्यावेत. टी-शर्टच्या विणीत तो फरक बराचसा बुजतो. नंबर, नाव, लोगो हे काम असेल तर चार रंग पुरतात आणि चोंदणाऱ्या छिद्रांच्या दोन रांगा कमी होतात. एल १८०० आता नवा मिळत नाही, बाजारात फिरतो तो वापरलेला किंवा दुरुस्त केलेला. घ्यायचाच तर समोर नोझल चेक, म्हणजे हेडच्या छिद्रांची चाचणी-छपाई, काढायला लावा. रेषांच्या जाळीत एखाद-दुसरी खाच दोन क्लीनिंगनंतरही तिथेच राहिली, तर हेड गेले असे धरून भाव बोला.

मापाची चूक फार होते. मोठ्या माणसाच्या छातीवरची डिझाइन २७ ते ३० सेंटिमीटर रुंद लागते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. आडवा धरला तर २९.७ रुंदी मिळते, पण उंची २१ वरच थांबते. खिशावरचा लोगो, लहान मुलांचे माप, चहाचे मग यांना ए-फोर ठीक. टी-शर्टचाच धंदा करायचा तर ए-थ्री. पण मग प्रेसही मोठी लागते. दुकानात सर्वत्र दाखवतात ती ३८ बाय ३८ सेंटिमीटरची प्रेस, आणि ए-थ्री कागद आहे ४२ सेंटिमीटर लांब. पूर्ण कागद त्यात मावत नाही. दोनदा दाबले तर जोडावर दुहेरी छाप किंवा गडद पट्टा येतो. ए-थ्री प्रिंटर घेणाऱ्याने ४० बाय ५० ची प्रेस घ्यावी, किंवा डिझाइन ३६ सेंटिमीटरच्या आत ठेवावी.

नवा प्रिंटर आणला की उत्साहाने डब्यातली मूळ शाई भरली जाते, चाचणी म्हणून. ती भरू नका. मूळ शाई नळ्या, डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी कुपी) आणि हेड यांत मुरते, आणि नंतर सब्लिमेशन भरली तरी बरेच दिवस दोन्ही मिसळून येतात. साधा डाय कागदावरच राहतो, सब्लिमेशनचा डाय कापडावर जातो, आणि काळ्याचा तपकिरी का होतो हे कोडे सुटत नाही. पहिल्या थेंबापासून सब्लिमेशनच भरावी आणि त्या प्रिंटरवर पुढे घरची बिले, मुलांचे प्रोजेक्ट छापू नयेत. बाहेरची शाई भरली की वॉरंटीचा भरवसा सोडावा. वॉरंटी हवीच असेल तर सब्लिमेशनसाठीच बनलेली एप्सनची शुअरकलर एफ मालिका आहे. यंत्र आणि शाई दोन्ही महाग, पण रंगाची झटापट कमी.

रंगाबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे सल्ले उलटसुलट मिळतात. सब्लिमेशनचा छाप कागदावर मळकट दिसतो, काळा करडा वाटतो. तो तसाच असायला हवा, रंग प्रेसमध्ये उमलतो. कागदावर छान दिसावे म्हणून सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवणारा कापडावर फसतो. प्रत्येक कंपनीच्या शाईला स्वतःची आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवणारी फाईल) लागते, ती शाई विकणाऱ्याकडून मागून घ्या. देता येत नसेल तर शाई बदला. प्रोफाइल कोरल किंवा फोटोशॉपमधून लावली असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये रंगदुरुस्ती पूर्ण बंद ठेवायची. दोन्हीकडे चालू राहिली की रंग दोनदा सुधारला जातो, म्हणजे बिघडतो. मिरर चालू आहे ना, हे शेवटचे बटण दाबण्याआधी पाहावे. उलटी छापायची राहून गेलेली अक्षरे प्रेसखालून निघाल्यावरच लक्षात येतात.

दाबताना काय बिघडते ते पाहू. कापडात ओल असेल तर डाग आणि फिके चट्टे पडतात, म्हणून आधी टी-शर्ट नुसताच ५ ते ८ सेकंद दाबून वाफ काढायची. प्रेस उघडताना गरम कागद सरकला तर शेजारी भुताची सावली उमटते; उष्णता सोसणारी टेप चार कोपऱ्यांना लावावी. कागदाच्या कडेची चौकट कापडावर उठते ती जास्त दाबामुळे. दाब कमी करा, खाली फोमची उशी द्या आणि कागदाच्या कडा कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे धार राहत नाही. निळे-लाल बारीक ठिपके दिसले तर ते कापडावरच्या रुईचे, चिकट रोलर फिरवल्याशिवाय दाबायचे नाही. पांढरे कापड पिवळसर झाले तर तापमान किंवा वेळ जास्त. वर-खाली साधा बटर पेपर घालावाच. नाहीतर वायू प्रेसच्या टेफ्लॉनला चिकटतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर उतरतो.

पांढऱ्या कॉटनसाठी जुना मार्ग आहे: पिगमेंट शाई (रंगाचे न विरघळणारे बारीक कण असलेली) आणि लाइट ट्रान्सफर पेपर. इथे शाई कापडात जात नाही. कागदावरचा प्लास्टिकसारखा थर वितळून शाईसकट कापडाला चिकटतो. शाई पिगमेंटच हवी, साधी डाय धुताना पसरते. प्रिंटर घेताना नीट विचारा, कारण काही टँक प्रिंटरमध्ये काळा तेवढा पिगमेंट आणि बाकीचे तिन्ही डाय असतात. एल १५१५० सारख्यात चारही पिगमेंट असतात. थर पूर्ण कागदभर असल्याने डिझाइनच्या कडेने जवळून कापावे लागते, नाहीतर भोवती पिवळट चौकोन दिसतो. गडद कापडासाठीचा डार्क पेपर वेगळा: तो मिरर न करता छापायचा, मागचा कागद सोलून सरळ ठेवायचा, वर बटर पेपर ठेवून दाबायचा. हाताला रबरासारखा जाड लागतो, आणि धुण्यांनी तडकतो. माझे मत विचाराल तर गेरच्या टी-शर्टला हे पुरेसे आहे. राजवाड्यासमोर एकदा गुलालात न्हाल्यावर त्या टी-शर्टचे आयुष्य संपतेच. शाळेच्या वर्षभराच्या टी-शर्टला मात्र हे देऊ नये.

इंकजेटचा ट्रान्सफर पेपर लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. लेझरमध्ये टोनर भाजणारा फ्यूजर इतका तापलेला असतो की कागदावरचा थर तिथेच वितळतो, रोलरला गुंडाळतो आणि फ्यूजर बदलावा लागतो. लेझरचा पेपर वेगळा मिळतो. पांढऱ्या टोनरचे प्रिंटरही आहेत, त्यांच्यावर गडद कापडाचे काम सुबक होते, पण यंत्र आणि टोनरची किंमत घरगुती धंद्याला झेपणारी नाही.

आता डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म), म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबायची पद्धत. गेल्या काही वर्षांत सगळ्यांची धाव इकडे आहे, आणि कारण खरे आहे: कॉटन, पॉलिएस्टर, मिक्स, काळे, पांढरे, सगळ्यावर चालते. पीईटी प्लास्टिकच्या फिल्मवर आधी रंग, त्यावर पांढरा असे उलट्या क्रमाने छापायचे. शाई ओली असतानाच वरून टीपीयूची गोंद-पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची. साधारण ११० ते १३० अंशांना पावडर वितळवायची, आणि मग ती फिल्म टी-शर्टवर १५० ते १६० अंशांना १० ते १५ सेकंद दाबायची. फिल्मच्या जातीप्रमाणे गरम किंवा पूर्ण गार झाल्यावर सोलायची आणि बटर पेपर ठेवून पुन्हा ५ ते १० सेकंद दाबायचे. हा दुसरा दाब कंटाळून गाळला जातो, आणि चौथ्या-पाचव्या धुण्यात कडा उचलल्या जातात. पावडर नीट भाजली की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. साखरेचे दाणे दिसत असतील तर कच्ची आहे, धुण्यात सुटेल. सपाट, पिवळट, कडक झाली तर जास्त भाजली, ताणल्यावर तडकेल.

गोम आहे ती पांढऱ्या शाईत. तिचा पांढरेपणा टायटेनियम डायऑक्साइडचा, आणि त्याची घनता पाण्याच्या चौपटीहून जास्त. शाई स्थिर राहिली की तो तळाशी बसतो: बाटलीत, टाकीत, नळीत, डॅम्परमध्ये आणि शेवटी हेडच्या छिद्रांत. म्हणून डीटीएफच्या चांगल्या यंत्रात पांढऱ्यासाठी ढवळणी आणि शाई फिरती ठेवणारा पंप असतो. बाजारात स्वस्तात मिळतात ती टेबलावरची यंत्रे म्हणजे सहा रंगांच्या एल ८०५ किंवा एल १८०० मध्ये फिक्या दोन रंगांच्या जागी पांढरा भरून, फिल्मला ओरखडे काढणारी चाके काढून केलेला बदल. छापतात ती. पण नळ्यांत पांढरा फिरत नाही. रोज काम असेल तर निभते. तीन दिवस काम नसले की क्लीनिंग, त्यात शाई वाया, ती शोषणारा वेस्ट पॅड भरतो, तरी पांढऱ्यात पट्टे, मग हेड. रोज सकाळी नोझल चेक आणि पांढऱ्याची एक पट्टी छापायची तयारी नसेल, तर या यंत्राच्या वाटेला जाऊ नये. दिवाळीला आठवडाभर बंद ठेवायचे असेल तर पांढऱ्या नळ्या क्लीनिंग लिक्विडने धुऊन, हेडच्या कॅपवर (झाकणावर) त्याचे चार थेंब टाकून हेड झाकून ठेवावे लागते.

त्यात माळव्याची हवा. या शाईला खोलीत २० ते २८ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या दुपारी इंदुरात हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. हेडच्या तोंडाशी शाई सुकते, आणि फिल्मवर स्थिर वीज साठून पावडर कोऱ्या जागेवरही चिकटते. टी-शर्टवर मग अक्षरांभोवती पांढरे कण दिसतात. एसी हवा आणखी कोरडी करतो. या दोन महिन्यांत पाण्याचा कूलर जास्त कामाचा, फक्त त्याचा झोत यंत्रावर नको. जुलै-ऑगस्टमध्ये बरोबर उलटे. पावडर ओल धरून गठ्ठे होते, आणि भाजल्यानंतर दुसऱ्या दिवशी छापावर तेलकट थर येतो. शाईतले ओलावा धरणारे ग्लिसरीनसारखे द्रव पुरते उडालेले नसतात, दमट हवेत ते वर येतात. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, भाजण्याचा वेळ थोडा वाढवा, तयार फिल्म प्लास्टिकमध्ये बंद करा. नेमके हेच दिवस गणपतीच्या ऑर्डरींचे. भिंतीवर एक हायग्रोमीटर टांगावा, त्याचा खर्च एका खराब झालेल्या टी-शर्टइतकाही नाही. भाजताना धूर निघतो, पावडर नाकात जाते. खिडकीला एक्झॉस्ट आणि तोंडाला मास्क लागतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत हे काम करू नका.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला: डीटीएफचे यंत्र घेऊ नका, डीटीएफ विकत घ्या. मोठ्या यंत्रावर छापणारे आता गावोगाव आहेत, ते साधारण ५६ सेंटिमीटर छपाई-रुंदीचा रोल मीटरवर देतात. २७ रुंद आणि ३० उंच अशी डिझाइन असेल तर एका मीटरमध्ये आडव्या दोन, उभ्या तीन अशा सहा बसतात, आणि मधल्या फटी सोडून तळाला सात-आठ सेंटिमीटरची पट्टी उरते. तीत खिशाचे लोगो आणि मानेचे साइज-लेबल भरून टाका. मीटरचे पैसे तेवढेच पडतात. तुमच्याकडे हवी फक्त उत्तम प्रेस. पांढऱ्या पॉलिएस्टरसाठी घरचा सब्लिमेशन प्रिंटर, गडद आणि कॉटनसाठी बाहेरची फिल्म, ही जोडी छोट्या धंद्याला पुरते. रोज दहा-पंधरा मीटर फिल्म बाहेरून येऊ लागली, तीही सीझन सोडून, तर यंत्राचा विचार करा. आणि तेव्हा ते बदललेले टेबलयंत्र न घेता पंप, ढवळणी आणि पावडर भुरभुरणारा शेकर असलेलेच घ्या.

बाहेर फाईल देताना मराठी मजकुराची खास काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे अजून कृतिदेव सर्रास चालतो. समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की 'गणपती बाप्पा मोरया'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी छापून येते. कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबा, अक्षरांचे कर्व्ह होतात, मग फॉन्ट लागत नाही. किंवा पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी द्या, खऱ्या मापात, ३०० डीपीआयला. अर्धवट पारदर्शक झळाळी आणि सावल्या टाळा, तिथे पांढऱ्याचे विरळ ठिपके पडतात आणि पावडर त्यांना धरत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेष नको. सगळ्यात आधी धुण्यात गळतो तो अनुस्वार, मग रफाराचे टोक. खिशावरच्या लहान मजकुरात अनुस्वाराचा ठिपका निदान एक मिलिमीटरचा भरतो ना, हे मोजून पाहा. नसेल तर ठळक वळण घ्या. कॅलिग्राफीचे लांब निमुळते फराटे पोस्टरवर शोभतात, डीटीएफमध्ये त्यांचे टोक वर उचलले जाते.

गडद लाल किंवा मरून पॉलिएस्टरवर डीटीएफचा पांढरा दोन दिवसांत गुलाबी होतो, ही तक्रार पथकांच्या ऑर्डरीत नेहमीची. दोष शाईचा नसतो. कापडाचाच डिस्पर्स डाय उष्णतेने सुटून पांढऱ्यात चढतो, सब्लिमेशनचाच खेळ उलट दिशेने. तापमान फिल्म चालेल तितके खाली, १३० ते १४० पर्यंत आणावे, कमी तापमानाची पावडर मागावी, किंवा रंग अडवणाऱ्या काळ्या पावडरीची फिल्म घ्यावी. सोपा उपाय म्हणजे मरून रंगात कॉटन घ्यायचे.

प्रेसबद्दल मजकुरात एक ओळ होती, तिला जास्त जागा हवी. पडद्यावर २०० दिसते म्हणजे तव्यावर २०० असतेच असे नाही. मधे २०० आणि कोपऱ्यात १८० ही तफावत स्वस्त प्रेसमध्ये सहज असते. चमकत्या धातूवर इन्फ्रारेड बंदूक चुकीचे, कमी तापमान दाखवते. तव्याच्या काळ्या थरावर धरा किंवा उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्ट्या पाच ठिकाणी ठेवून दाबा. दुसरी गोष्ट विजेची. २३० व्होल्टचा हीटर २०० व्होल्टवर चालला तर त्याची ताकद तीन-चतुर्थांशावर येते, सुमारे ७६ टक्के. तवा तापतो, पण प्रत्येक दाबानंतर सावरायला वेळ लागतो, आणि घाईत दाबलेले पुढचे टी-शर्ट फिके येतात. मोठी प्रेस दोन किलोवॅटच्या घरात जाते. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट द्या, एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नका. प्रिंटर मात्र छोट्या यूपीएसवर असावा. छापताना वीज गेली तर हेड कॅपवर न परतता मधेच उघडे राहते आणि सुकते. त्याच कारणाने प्रिंटर नेहमी त्याच्या बटणाने बंद करायचा, भिंतीवरच्या स्विचने नाही. पाच-कामी कॉम्बो प्रेस, ज्यात मग, टोपी, प्लेट सगळे येते, तिचा टी-शर्टचा तवा बहुधा कच्चा असतो. टी-शर्टच करायचे तर फक्त सपाट प्रेस घ्यावी. कॉलर, बटणपट्टी, शिवण तव्याखाली आली की तिथे दाब अडतो. आत छोटी उशी घालून फक्त छापायचा भाग वर आणावा.

ऑर्डर घेण्याआधी त्याच लॉटच्या एका टी-शर्टवर छापून २४ तास थांबा, मग उलटा करून घरच्या मशीनमध्ये ४० अंशांना पाच वेळा धुवा, आणि प्रत्येक धुण्यानंतर छाप आडवा ताणा. आयएसओ १०५-सी०६ ही धुलाईची प्रमाणित चाचणी आहे, मोठे गिऱ्हाईक तिचा दाखला मागू शकते. मंडळाच्या कामाला घरचे मशीन पुरते. लहान मुलांचे कपडे छापत असाल तर घातक रसायने नसल्याची ओइको-टेक्स प्रमाणपत्रे मागा: शाई आणि पावडरीसाठी इको पासपोर्ट, कापडासाठी स्टँडर्ड १००. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी स्टँडर्ड १०० मधला पहिला वर्ग लागतो.

शेवटी कर्जाचे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतात आणि बँक कोटेशनवर रक्कम ठरवते. लोक विक्रेत्याने दिलेले कोटेशन तसेच जोडतात, त्यात प्रिंटर आणि प्रेस एवढेच असते. मग पहिल्या महिन्यात शाईला पैसे नसतात. कोटेशनमध्ये यंत्राखेरीज शाईचा दुसरा संच, १०० जीएसएमचा सब्लिमेशन पेपर, टेप, बटर पेपर, टेफ्लॉन शीट, प्रिंटरसाठी यूपीएस, प्रेसची वायरिंग, हायग्रोमीटर आणि चाचणीचे निदान वीस टी-शर्ट लिहून घ्यावेत. यंत्राच्या ओळीत मॉडेलचा पूर्ण नंबर हवा, आणि शाईच्या ओळीत नुसते 'इंक सेट' न लिहिता सब्लिमेशन की पिगमेंट, किती मिलिलिटर, प्रोफाइलसह की शिवाय, हे लिहिलेले हवे. विक्रेता ते लिहून द्यायला तयार नसेल तर दुसऱ्याकडून कोटेशन घ्या.

कळावे,
आपला,
टी-शर्ट छपाईतील एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर